अर्धा की पाऊण

माझ्याकडे बघायचं असलं की आमचे हे दुसरीकडे बघतात.

गेलं दीड वर्ष असं चाललंय. मी बोलत असते आणि हे फ्रिजकडे तोंड करून ऐकत असतात. पहिल्यांदा मी भडकले. म्हटलं, अहो, मी इथे उभी आहे, फ्रिजशी कसल्या गप्पा चालल्यात? तर शांतपणे म्हणाले, "मधू, सरळ बघितलं की तुझ्या जागी करडा ढग दिसतो. फ्रिजकडे बघितलं की कडेला तू दिसतेस." चाळीस वर्षं संसार केला आणि आता मला बघायला या माणसाला फ्रिजची मदत लागते. मला इतकं रडू आलं की मी सिंकमधली भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला की असं होतं. कडा शाबूत राहतात, मधलं जातं. हे स्वतः भूलतज्ज्ञ. तीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये लोकांना ऑपरेशनसाठी झोपवलं आणि नीट उठवलं, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यांच्यापासून काही लपवलं नाही. डाव्या डोळ्यात फारसं उरलेलं नाही. उजव्यात कडा आहेत. इंजेक्शनं चालू ठेवू, पण जे बघायचं असेल ते या उन्हाळ्यात बघून घ्या, असं त्या म्हणाल्या. ड्रायव्हिंग लायसन्स तर यांनी आधीच परत पाठवून दिलं होतं, कुणी मागायच्या आत.

आणि त्या मधल्या ढगात यांना भलतंसलतं दिसतं. टोप्या घातलेली बुटकी माणसं ओळीने जातात. गुलाबी फुलांची वेल चढते. दोरीवर पांढरं धुणं वाळत असतं. एकदा आमच्या जिन्यात गाढव उभं होतं. डोकं अगदी ठिकाणावर आहे हो यांचं. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू पदरचं भरतो, असं क्लिनिकमधल्या नर्सने समजावलं, बऱ्याच जणांना होतं म्हणे. आता आम्हाला दोघांनाही सवय झालीय. सकाळी चहा घेताना हे म्हणतात, "आज बाग आलीय." मी म्हणते, "येऊ दे. बिस्किट देऊ का तिला?"

तर या उन्हाळ्यात बघायचं काय, यावर आमच्यात चर्चा झालीच नाही. ते ठरलेलं होतं.

एकोणनव्वद साली आम्ही स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला एका किनाऱ्यावर गेलो होतो. नाव सांगत नाही, सांगितलं की लोक गर्दी करतात. तेव्हा हे फेलोशिपच्या परीक्षेत नापास झाले होते आणि आठवडाभर कुणाशी बोलत नव्हते. मीच म्हटलं, चला कुठेतरी, रस्ता संपेल तिथपर्यंत जाऊ. रस्ता तिथे संपला. पांढरी वाळू, दोन्ही बाजूंना काळे खडक आणि माणूस नावाला नाही. मी साडीवर यांचा रेनकोट चढवला आणि पाण्यात पाय घातले. पाणी असं गार की माझी बोलती बंद झाली, आणि ते बघून हे आठवड्यात पहिल्यांदा हसले. राहायला जागा कुठे मिळेना, म्हणून दोन तासांत परत फिरावं लागलं. गाडीत बसताना हे म्हणाले, "पुढच्या वेळी घर मागे बांधून आणू. म्हणजे निघायला नको."

पुढची वेळ आलीच नाही. ड्यूट्या, तनयाची शाळा, भारतातली आजारपणं, हे आणि ते. राहिलं ते फक्त एक भांडण. पाणी हिरवं होतं, हे म्हणतात. निळं होतं, मी म्हणते. रोल संपला होता, त्यामुळे फोटो नाही. पस्तीस वर्षं आम्ही या एका गोष्टीवर भांडतोय, पाहुण्यांसमोरसुद्धा.

तनया आमची लीड्सला असते, हॉस्पिटलमध्येच आहे तीही. ती म्हणाली, "मम्मा, बाबाला विमानानी ने ना. मी मस्त हॉटेल बुक करते, सी व्ह्यूवाली हॉटेल." तिला कसं सांगू? नव्या खोलीत गेलं की हे दारावर आपटतात. बाथरूम शोधताना कपाट उघडतात, आणि मग चेहरा असा करतात की मला बघवत नाही. घरात यांना हाताने सगळं ठाऊक आहे. म्हणून घरच मागे बांधायचं. दोन महिने आधी आम्ही सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतली, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, ती आमच्या दारापुढच्या ड्राइव्हवर उभी केली, आणि हे रोज दुपारी तिच्यात जाऊन बसायचे. कप कुठे, गॅसचं बटण कुठे, पायरी किती खाली, सगळं हातांनी पाठ केलं. कधी बघावं तर पलंगावर आडवे होऊन छताकडे तोंड करून हसत असायचे. मी विचारायची, कुठे पोचलात? म्हणायचे, "स्कॉटलंडात शिरलो. पर्थ गेलं मागे."

आता ती ओढायची कशाने, हा प्रश्न होता. इथे माझा मोठा भाऊ आला मधे.

पुरुषोत्तमदादा ह्यूस्टनला असतो. त्याच्या मते माणसाची पारख त्याच्या ट्रकवरून करावी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो आम्हाला शिकवणी द्यायचा. हाफ टनचा ट्रक म्हणजे भाजी आणायला. यांना म्हणायचा, ओढायचं असेल तर थ्री-क्वार्टर टनच घ्या, शशिधर, तिचं ऐकू नका. मी म्हटलं, दादा, कॅरॅव्हॅन आहे, हत्ती नाही. तर म्हणाला, "ओढायला कुणीही ओढेल गं. उतारावर मागचं ओझं तुला ढकलायला लागलं की धरून कोण ठेवणार? त्याला अंगात वजन लागतं." तो ट्रकबद्दल बोलला, पण मी रात्रभर भलत्याच गोष्टीचा विचार करत पडून राहिले.

कॉव्हेंट्रीला जुन्या गाड्यांच्या यार्डात विक्रेत्याला मी हाफ टन आणि थ्री-क्वार्टर टन असं विचारलं, तर त्याला हसू आवरेना. म्हणाला, ती अमेरिकेची भाषा, इकडचे बहुतेक पिकअप टनभर माल नेतातच. पण दोन उभे होते त्याच्याकडे. एक जरा लहान, दुसरा धिप्पाड. लहान अडीच टन ओढणारा, मोठा साडेतीन. आमच्या घरात तोवर ते शब्द इतके रुळले होते की मी लहानाला अर्धा म्हटलं आणि मोठ्याला पाऊण, आणि तीच नावं पडली.

यांनी दोन्ही ट्रक हातांनी बघितले. अर्ध्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला, ठीक आहे म्हणाले. पाऊणपाशी मात्र थबकले. चाकावर तळवा ठेवून उभे राहिले, दार उघडून आत चढून बसले, आणि काचेतून समोर बघत राहिले. समोर टायरच्या दुकानाची भिंत होती. यांना काय दिसत होतं ते यांनाच माहीत. चेहरा असा झाला होता, जसा एकोणनव्वद साली गाडीत बसताना होता.

मग मी चढले, ड्रायव्हरच्या जागेवर. चढले म्हणजे दांडी धरून स्वतःला वर ओढलं. उंची माझी पाच फूट. तिथून जमीन दिसतच नव्हती. पुढे नुसतं बॉनेट, मैदानासारखं. मी म्हटलं, हा मला जमणार नाही. अर्धा घेऊ.

"कॅरॅव्हॅन भरून सोळाशे किलो," हे म्हणाले. "ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांत बसावी म्हणतात. पाऊणमध्ये आरामात बसते."

"अर्ध्यातही बसते. सोळाशे पंधरा. मी काढलंय."

"पंधरा किलो शिल्लक ठेवून पाचशे मैल जायचं?"

"कागदावर बसतंय ना?"

"कागदावर पेशंटचं वजन एक असतं आणि टेबलावर दुसरं. मी आयुष्यभर टेबलावरचं धरलं, म्हणून सगळे उठले."

आणि तिथे, त्या यार्डात, मी म्हणाले, "चालवणार कोण आहे?"

म्हणायला नको होतं. हे पाऊणमधून हळूच उतरले, पायरी पायाने चाचपत. खाली येऊन कोट नीट केला. विक्रेता कागदात बघायला लागला, मराठी न कळताही. हे म्हणाले, "अर्धा घे, मधू. तुझं बरोबर आहे." घरी येईपर्यंत मी बडबडत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. नेहमी मला समाधान असतं की बाहेर बघतायत म्हणजे मला बघतायत. त्या दिवशी खात्री वाटेना.

मग मी एका विमानतळाच्या रिकाम्या धावपट्टीवर दिवसभराचा कोर्स केला. कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं. तीन वेळा मी ती काटकोनात दुमडली, चौथ्यांदा जमली. शिकवणारा म्हणाला, मागून डोलायला लागली तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगशी झटू नका, फक्त वेग कमी होऊ द्या. मी मान हलवली. परीक्षेत लिहायला ठीक असतात असल्या गोष्टी.

कॅरॅव्हॅनमध्ये माणसाने भरायचं सामान किती, तर फक्त दीडशे किलो. जास्त नाही. हे ऐकून मला हसू आलं, आम्ही भारतात जाताना दोन बॅगांत याच्या निम्मं कोंबतो. पण यांनी काम अंगावर घेतलं. प्रत्येक वस्तू हातात धरायची, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. कुकर, तीन. गाद्यांची कव्हरं, सव्वादोन. मी मागून बाथरूमच्या काट्यावर तपासायची. पेशंट ट्रॉलीवर घेताना खांद्याखाली हात घालून किलोपर्यंत वजन सांगायचे म्हणे हे, थिएटरमध्ये पैजा लागायच्या. दोन दिवसांत यादी झाली. एकशे बत्तीस. आठ दिवस हे खुशीत होते. डोळे गेले तरी हात गेलेले नाहीत, असं दोनदा म्हणाले.

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी निघायचं ठरलं, आणि मी सुप्रभाला सांगितलं. तीच माझी चूक.

सुप्रभा आमच्या मंडळाची. तिने सगळ्यांना कळवलं. मी दार उघडलं तर रस्त्यावर अकरा बायका आणि त्यांचे नवरे. जणू आम्ही बोटीने निघालोय आणि परत येणार नाही. सवाष्ण लांबच्या प्रवासाला निघालीय म्हटल्यावर ओटी भरल्याशिवाय सोडणार कशा? आणि एका नारळात भागवणं कुणाला पटेना. अकरा जणींचे अकरा नारळ आणि प्रत्येकीचे तांदूळ. सुप्रभाने डिंकाच्या लाडवांचा डबा आणलेला, दोन हातांनी धरून. कुणी चकल्या, कुणी लोणच्याच्या बरण्या, कुणी दहा किलो कणीक, कारण डोंगरात मिळते की नाही कोण जाणे. मी म्हणाले, अगं वजन, वजन. "खाऊचं कसलं गं वजन," असं म्हणत सगळं आत गेलं. पुरुषमंडळी फार समजूतदार. शशिधरना पायात अडथळा नको, म्हणून त्यांनी सगळं अगदी मागच्या पलंगाखालच्या खणात रचून ठेवलं. कॅरॅव्हॅनच्या पार शेपटीला.

हे पुढे बसले होते, पट्टा लावून. यांना दिसलं नाही. मी सांगितलं नाही. दारात आलेलं परत कसं पाठवायचं, सांगा? त्या बायकांनी गेल्या दीड वर्षात यांना क्लिनिकला नेलं, माझ्यासाठी डबे आणले. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, ऐंशीएक किलोंनी काय होतंय.

लीड्स मागे पडेपर्यंत सगळं स्वप्नासारखं होतं. ऊन होतं, रस्ता मऊ वाटत होता, दोन्ही बाजूंना शेतं हळूहळू सरकत होती, जणू तीच कुठेतरी निघालीयत आणि आम्ही जागेवर आहोत. ताशी पंचावन्न मैल, डाव्या लेनमध्ये. सगळं जग उजवीकडून पुढे जात होतं आणि मला कशाची घाई नव्हती. हे कडेचं सांगत होते. पिवळं गेलं, मोहरी का? मेंढ्या. पूल. मधल्या ढगात आज कोण आलंय, मी विचारलं. म्हणाले, "टोपीवाले. आपल्या पुढे चाललेत, वाट दाखवत." मी म्हटलं, त्यांना इंडिकेटर द्यायला सांगा.

मग एक लांब उतार लागला आणि उजवीकडून एक प्रचंड लॉरी आम्हाला घासल्यासारखी पुढे गेली.

"मधू," हे म्हणाले. "काहीतरी पांढरं येतंय आणि जातंय."

"तुमचं धुणं असेल दोरीवरचं."

"नाही. धुणं मधे असतं. हे कडेला आहे, माझ्या बाजूच्या आरशात. येतंय, जातंय."

"अहो, चालवू द्या मला."

"मधू. कडेला मला खोटं कधी दिसत नाही."

मी आरशात बघितलं. कॅरॅव्हॅनचा पांढरा कोपरा आरशात आला, नाहीसा झाला, परत आला, आधीपेक्षा मोठा. त्याच क्षणी स्टिअरिंग माझ्या हातात हलकं झालं. आमचं घर मागे शेपटासारखं हलत होतं आणि अर्ध्याला आपल्याबरोबर हलवत होतं. दादाचं बोलणं आठवलं. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," हे म्हणाले. आवाज वेगळाच होता. मी तो कधी ऐकलाच नव्हता, कारण घरी तो लागत नसे. "पाय फक्त उचल. हात सरळ. माझ्याबरोबर मोज. दहा."

"दहा," मी म्हणाले.

"नऊ. हळू. आठ."

हजारो माणसांनी या आवाजाबरोबर उलटं मोजलं असेल. मीही मोजलं. सातला मागचं घर एकदा असं फेकलं गेलं की काहीतरी धाडकन आपटल्याचा आवाज आला. सहा. पाच. झोका लहान झाला. चारला स्टिअरिंग परत जड झालं. तीन म्हणायची गरज नव्हती, पण हे तीन, दोन आणि एकसुद्धा म्हणाले, आणि मग म्हणाले, "आता पुढे जिथे सर्व्हिसेसचा थांबा असेल तिथे थांब. घाई नाही."

पार्किंगमध्ये उभी केली आणि माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. हे उतरले, कॅरॅव्हॅनच्या बाजूने चाचपत मागे गेले, आणि आत खण उघडल्याचा आवाज आला. मी जाऊन बघते तर हे जमिनीवर मांडी घालून बसलेले, एकेक वस्तू हातात घेऊन. नारळ, सहाशे ग्रॅम. नारळ. नारळ. लाडू, साडेसहा, बाप रे. कणीक. शेवटी म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. सगळं शेपटीला. आणि मधू, बाथरूममध्ये काय आहे? तिथेही काहीतरी वाजलं."

बाथरूममध्ये माझा लोखंडी खलबत्ता होता. नऊ किलो. तो सुप्रभाने दिला नव्हता, मीच टॉवेलात गुंडाळून लपवला होता, कारण विकतच्या मसाल्याचा चहा यांना आवडत नाही. मी कबूल केलं. ट्रकच्या हिशेबात माझं वजन एकसष्ट लिहिलंय ते अडुसष्ट आहे, हेही त्याच ओघात कबूल केलं.

हे हसतील असं वाटलं. हसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले, "परत जाऊ या."

"म्हणजे?"

"तुझ्या मुठी अजून स्टिअरिंग धरल्यासारख्या आवळलेल्या आहेत. मला दिसतंय. मला त्या किनाऱ्याचं काही नाही गं. मला पाठ आहे तो. रोज दुपारी जाऊन येतोच की मी."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पाठ आहे? मी त्या धावपट्टीवर कसरती केल्या, त्या यार्डात तुम्हाला नको ते बोलले, त्याची बोच रोज मनात घेऊन झोपले, आणि तुम्हाला पाठ आहे? मला नाहीये पाठ. पुढच्या वर्षी तुम्हाला कडा राहिल्या नाहीत तर मला काय सांगायचं उरेल, की घाबरले आणि स्कॉटलंड यायच्या आधीच, स्कॉच कॉर्नरच्या अलीकडून परत फिरले? मी रडत होते आणि ओरडत होते, आणि बाहेर एक म्हातारा गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभा होता, निघून जावं की थांबावं या विचारात.

तो थांबला. यॉर्कशरचा होता, चाळीस वर्षं कॅरॅव्हॅन ओढणारा. आत डोकावून खण बघितला आणि एवढंच म्हणाला, जड ते पुढच्या ट्रकमध्ये टाका, त्याचा मागचा उघडा हौदा त्यासाठीच असतो. त्याला खाऊ, ओटी, काही माहीत नव्हतं. आणि आम्हाला इतका वेळ हे सुचलं नव्हतं, कारण घरचं खाणं घरात ठेवायचं, टेम्पोत नाही, असं डोक्यात बसलेलं. मीच सगळं उचललं, गुडघ्यात वाकून, पाठ ताठ. तीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट होते, पेशंटना हेच शिकवलं. मग एक नारळ अर्ध्याच्या पुढ्यात फुटपाथच्या कडेवर फोडला. गाडी घेतली तेव्हा फोडायचा राहिला होता, यार्डातल्या त्या बोलण्यानंतर कुणाचं मन होतं? खोबऱ्याचा तुकडा त्या गृहस्थाला दिला, एक अख्खा नारळही दिला. तो नारळ हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, आमच्या जत्रेत नेम धरून पाडायला नारळ मांडतात, यावर आजवर फक्त चेंडू मारलेत.

निघताना मी विचारलं, "पाऊण घेतला असता तर डोललं नसतं, हो ना?"

"कमी डोललं असतं," हे म्हणाले. "पण चढायला तुला रोज शिडी लागली असती. चल."

पुढचे दोन दिवस मी पन्नासच्या वर गेले नाही. डोंगर आले, धुकं आलं, रस्ता एका गाडीपुरता झाला. समोरून कुणी आलं की थांबायचं, हात करायचा, त्यांनी हात करायचा. बोलणं कमी होत गेलं. धुक्यात माझीही दृष्टी यांच्यासारखी झाली, मधलं काही दिसेना, कडेचं गवत तेवढं दिसायचं, आणि मी त्या गवताच्या धारेने चालवत राहिले. एकदा हे झोपेत म्हणाले, गाढव रस्त्यात आहे. मी खरंच हळू केलं.

रस्ता संपला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन पडलं होतं.

वाळू तशीच. खडक तसेच. लांब कुठेतरी दोन पोरी पतंग उडवत होत्या, बाकी कुणी नाही. मी यांची घडीची खुर्ची पाण्याजवळ मांडली, हाताला धरून बसवलं आणि बूट काढून पाण्यात गेले. पाणी तेवढंच गार होतं. माझी बोलती तशीच बंद झाली, आणि मागे हे हसले.

वळून बघितलं तर हे सरळ समोर, समुद्राकडे तोंड करून बसलेले. मी होते यांच्या उजव्या हाताला, दहा पावलांवर. पाचशे मैलांहून जास्त ओढत आणलं यांना, आणि विसरले की काय हे? सरळ बघितलं तर समुद्राच्या जागी ढगच दिसणार.

"अहो," मी ओरडले, "खडकाकडे तोंड करा. डावीकडे. म्हणजे कडेला समुद्र दिसेल."

"माहीत आहे," हे म्हणाले, हलले नाहीत.

"मग करा ना. त्याच्यासाठीच आलोय आपण."

"खडकाकडे बघितलं की तू दिसत नाहीस," हे म्हणाले. "असं बसलं की दिसतेस. पाय पाण्यात घालून उभी आहेस, पायजमा वर धरलायस. बस, हेच बघायचं होतं."

वारा होता, पाणी घोट्याशी येऊन जात होतं. मी तशीच उभी राहिले, हलले तर यांच्या कडेतून बाहेर जाईन म्हणून. समुद्राकडे तोंड करून हे मला बघत होते, आणि मी कितीतरी वेळ स्वतःला बघू दिलं, जे मी एरवी कधी करत नाही.

मग हे म्हणाले, "पाण्याचं तूच सांग."

मी खाली बघितलं. नीट बघितलं. पस्तीस वर्षं पाहुण्यांसमोर निळ्यासाठी भांडले होते मी.

"हिरवं आहे," मी म्हणाले.